सात दिवसांत तेलकट चेहरा साफ? आधी ती ट्यूब दाखवा

गेल्या रविवारी भांडुपला ताईकडे गेले, तर भाचीने तोंडाला ओढणी गुंडाळूनच दार उघडलं. ओढणी काढायला लावली. गाल लालभडक, नाकाच्या दोन्ही बाजूंना सालं निघालेली. काय केलंस विचारलं तर मोबाइल पुढे केला. सोसायटीच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर आलेला मेसेज होता, 'तेलकट त्वचेचं रुटीन, सात दिवसांत खात्रीने फरक'. दिवसातून सात-आठ वेळा साबणाने तोंड धुवा, लिंबू आणि खायचा सोडा चोळा, मॉइश्चरायझर लावू नका, पावसाळ्यात सनस्क्रीनची गरज नाही, आणि रात्री मेडिकलमधून पिंपल्सची ट्यूब आणून लावा. पंधरा दिवसांपूर्वी हाच मेसेज मलाही आला होता. तेव्हा दुर्लक्ष केलं, ते आता अंगाशी आलं.

साबणाचं आधी उरकते. चेहऱ्यावरचं तेल त्वचेतल्या ग्रंथींतून येतं आणि त्या ग्रंथी हार्मोनचं ऐकतात, साबणाचं नाही. आठ वेळा धुतलंत तरी दोन तासांनी नाक चमकणारच. वर त्वचा कोरडी पडून चुरचुरेल ती वेगळीच. सकाळी आणि रात्री सौम्य फेसवॉश पुरतो. घाम आला की तोंड धुवावं, एवढं मात्र खरं. दादरला गाडी बदलून लोअर परळला उतरणाऱ्या पोरीने ऑफिसात पोचल्यावर तोंड धुतलं तर मी कशाला अडवू?

लिंबू-सोड्याबद्दल काय बोलायचं! लिंबू जहाल आम्ल, सोडा अल्कली, आणि आपली त्वचा किंचित आम्लधर्मी. सोड्याने आपण सिंक घासतो. शिवाय लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर काळे डाग किंवा फोडही येऊ शकतात.

पण खरा संताप त्या ट्यूबचा. भाचीने ती कपाटातून आणून दिली. मी चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. यातलं शेवटचं स्टेरॉइड. हे मिश्रण मुळात वांगासाठी, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळपट डागांसाठी आहे, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडेच आठवडे लावायचं. चिठ्ठीशिवाय विकू नये असं ट्यूबवरच छापलेलं, आणि नाक्यावरच्या दुकानदाराने एक प्रश्न न विचारता हातात ठेवली. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली ती याच कारणाने. काउंटरवर ती कोण पाळतंय!

"पण मावशी, पहिल्या आठवड्यात खरंच फरक पडला होता," भाची म्हणाली. पडणारच. स्टेरॉइड सूज आणि लाली दाबतं, म्हणून तर लोक फसतात. पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, गालावर लव वाढते आणि पिंपल्स दुप्पट जोमाने येतात. हे माझ्या मनाचं नाही. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी अनेक शहरांतल्या रुग्णांची पाहणी करून २०११ साली प्रसिद्ध केली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ जणांपैकी ४३३ जण तोंडाला स्टेरॉइड लावत होते आणि त्यातल्या ३९२ जणांना दुष्परिणाम झाले होते. सर्वांत जास्त आढळलेला दुष्परिणाम कोणता? पिंपल्स! म्हणजे ज्यासाठी ट्यूब आणली, तेच ट्यूब देतेय.

मॉइश्चरायझरही हवंच, फक्त जेलसारखं हलकं, 'नॉन-कॉमेडोजेनिक' (म्हणजे त्वचेची छिद्रं न बुजवणारं) लिहिलेलं. सनस्क्रीनचं म्हणाल तर ढगांतून आणि काचेतूनही अतिनील किरणं येतात. एसपीएफ ३० घ्या आणि विषय संपवा.

पिंपल्स असतील तर सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश किंवा २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड (उशीचा अभ्रा पांढरा घ्या, रंगीत असला तर डाग पडून फिका होतो). दोन्ही एकदम सुरू करू नका. आणि निदान सहा ते आठ आठवडे धीर धरा. सात दिवसांत काही होत नसतं.

स्टेरॉइड बरेच दिवस लावलं असेल तर मनाने एकदम बंदही करू नये, लाली उसळून येते. म्हणून भाचीला सांगितलं, उद्या अर्धा दिवस रजा टाक आणि परळच्या केईएम हॉस्पिटलच्या त्वचारोग ओपीडीत जा. तुझं ऑफिस तिथून जवळच आहे. ट्यूबचा फोटो डॉक्टरांना दाखव.

ताई इतका वेळ भाजी निवडत ऐकत होती. म्हणाली, "वांगासाठी असते म्हणालीस ना? मला आहे की वांग. अर्धी उरलीय, ती मी लावते."

ट्यूब पर्समध्ये टाकली आणि निघाले.