एमओयू झाला, आता मुलांना ट्रायल साइटवर खुर्ची द्या

फार्मसी, बायोटेक, मायक्रो करणाऱ्या मुलांचे आणि त्यांच्या पालकांचे फोन मला वर्षभर येत असतात. क्लिनिकल रिसर्चमध्ये जायचंय, डिप्लोमाची फी लाखाच्या घरात आहे, भरू का? मी दरवेळी सांगते, फी भरायच्या आधी एखाद्या हॉस्पिटलच्या ट्रायल साइटवर, म्हणजे पेशंटवर औषधाची चाचणी चालते तिथे, सहा महिने बसायला मिळतंय का बघ. त्यावर पलीकडून येतं, "मॅडम, पण आत घेणार कोण?"

मुलांचं खरं आहे. ट्रायलचं रोजचं काम सांभाळणाऱ्या कोऑर्डिनेटरच्या जाहिरातीत एक वर्षाचा अनुभव मागतात आणि तो अनुभव मिळवायची सोय कुठेच नाही. हे कोडं एकट्या मुलाने सोडवायचं नाही. विद्यापीठ, कॉलेज आणि हॉस्पिटल यांनी एका टेबलाशी बसून सोडवायचं आहे.

गाडी अडते कुठे ते सांगते. आपल्याकडे मेडिकल कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली आणि फार्मसी कॉलेजं पुणे, मुंबई, नागपूर अशा आपापल्या भागातल्या विद्यापीठांखाली. ट्रायल चालते हॉस्पिटलात. त्यामुळे रस्त्याच्या अलीकडे हॉस्पिटल आणि पलीकडे फार्मसी कॉलेज असलं तरी तिथला विद्यार्थी इथे परका. एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप १९७९ पासून आहे. फार्मसीचा सहा वर्षांचा फार्म.डी. कोर्स २००८ मध्ये सुरू झाला, त्यात सहावं वर्ष हॉस्पिटलमध्ये जातं. बी.फार्मवाल्यांना मात्र सातव्या सेमिस्टरला प्रॅक्टिस स्कूल या प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे १५० तास मिळतात, आणि मी पाहिलेल्या बऱ्याच कॉलेजांत ते कॉलेजच्याच चार भिंतींत संपतात. बी.एस्सी.च्या मुलांचं तर विचारूच नका.

कॉलेज आणि हॉस्पिटलचे एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, होतात, नाही असं नाही. नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, भेट जवळ आली की जास्तच होतात. पण त्या कागदात मुलं कोणत्या विभागात बसणार, कोणाच्या हाताखाली, किती दिवस, याची एक ओळ नसते. मग दोन दिवसांचं वर्कशॉप होतं, प्रमाणपत्रं वाटली जातात आणि मूल होतं तिथेच राहतं.

साइटवर बसलं की काय कळतं? पहिली गोष्ट, कागद. चूक झाली तर व्हाइटनर चालत नाही. चुकलेल्या नोंदीवर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर नोंद, सही, तारीख. औषधाच्या फ्रिजचं तापमान रोज लिहायचं, सुट्टीच्या दिवशीही. पेशंटला काही गंभीर झालं, म्हणजे भरती करावं लागलं किंवा जिवावर बेतलं, तर २०१९ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी २४ तासांच्या आत केंद्रीय औषध नियंत्रक, स्पॉन्सर (ट्रायल करवून घेणारी कंपनी) आणि इथिक्स कमिटी (पेशंटचं हित बघणारी समिती) अशा तिघांनाही कळवायचं. हे पुस्तकात वाचून चार मार्क मिळतात. शनिवारी संध्याकाळी पेशंटचा मुलगा फोनवर सांगतो, "पप्पांना काल रात्री गावातल्या दवाखान्यात ॲडमिट केलंय," तेव्हा ते २४ तास म्हणजे काय ते समजतं.

दुसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कन्सेंट, पेशंटने समजून-उमजून दिलेली संमती. आपल्या संमतीपत्रात पेशंटचं शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव लिहावं लागतं. जीवितहानी झाली तर भरपाई कोणाला द्यायची, यासाठी नॉमिनी. कायद्याने ही तरतूद पेशंटच्या भल्यासाठीच केली आहे. पण शिरूरकडून आलेले साठीतले काका समोर बसलेत, दम्याच्या औषधाची ट्रायल आहे, सगळं नीट ऐकून घेतलंय, आणि नॉमिनीचा रकाना आला की त्यांचा हात थांबतो. "म्हंजे यात माणूस मरतो का?" काकू पदर सावरून डॉक्टरांकडे बघायला लागतात. या घडीला काय बोलायचं, हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही. आमच्या डॉक्टरांनी पेन बाजूला ठेवलं, धोका किती आणि कशाचा ते पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. नाही म्हणालात तरी नेहमीचे उपचार चालूच राहतील, हेही सांगितलं. घरी जा, मुलाशी बोला, घाई नाही म्हणाले. काका पुढच्या आठवड्यात मुलाला घेऊन आले, त्याने चार प्रश्न विचारले, आणि मग सही झाली. कोपऱ्यात बसून हे पाहणारी फार्मसीची मुलगी त्या तासाभरात जे शिकली, ते मी तिला महिनाभर लेक्चर देऊनही शिकवू शकले नसते.

म्हणूनच इंटर्नला मर्यादाही हव्यात. डेलिगेशन लॉगवर, म्हणजे कोणी कोणतं काम करायचं त्या यादीवर, नाव नाही, जीसीपीचं, म्हणजे ट्रायल नीट चालवायच्या नियमांचं, ट्रेनिंग नाही, तोवर पेशंटच्या कागदाला हात नाही. कन्सेंट तर इंटर्नने कधीच घ्यायची नाही, फक्त बघायची, तीही पेशंटची हरकत नसेल तर. हाताशी फुकटची मुलं आहेत म्हणून त्यांच्याकडून सह्या गोळा करून घेणारी साइट असेल तर तिला विद्यार्थी देऊच नयेत. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणाऱ्या एचपीव्ही लशीचा प्रकल्प झाला होता. आंध्रात आश्रमशाळेतल्या मुलींच्या कितीतरी संमतीपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या निघाल्या. प्रकल्प थांबवावा लागला, संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात कडक ताशेरे ओढले. लस वाईट नव्हती. पण गैरसमज इतके पसरले की तिच्याबद्दल लोकांना आजही समजावत बसावं लागतं.

याच्या उलट उदाहरण आपल्या अंगणातलं आहे. संभाजी महाराजांच्या समाधीचं वढू बुद्रुक. तिथे पुण्याच्या केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरचं काम कित्येक वर्षं चालू आहे. बाळांच्या रोटाव्हायरस जुलाबांवरच्या रोटाव्हॅक या आपल्या देशी लशीची तिसऱ्या टप्प्याची ट्रायल दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या याच भागात झाली, एकूण ६,७९९ बाळांवर. २०१६ पासून ती लस सरकारी लसीकरणात आहे. इतक्या घरांतल्या आयांनी आपली तान्ही बाळं विश्वासाने पुढे केली, ती दारात येणारं माणूस त्यांच्या भाषेत, न कंटाळता उत्तरं देत होतं म्हणून. असं माणूस तयार करायला वेळ लागतो, आणि तो वेळ मूल कॉलेजात असतानाच द्यायला हवा.

करारात काय हवं, तेही स्पष्ट सांगते. किमान सहा महिने, कारण एका पेशंटच्या दोन-तीन व्हिजिट्स तरी बघायला मिळाल्या पाहिजेत. एका कोऑर्डिनेटरमागे दोनच मुलं. गोपनीयतेचा करार, मुलांचा विमा, हिपॅटायटिस बीची लस. क्रेडिट्स विद्यापीठाने द्यायची. आणि विद्यावेतन, यावर तडजोड नको. बार्शीहून आलेल्या मुलीला कॉट बेसिसवर राहून, मेस लावून पुण्यात फुकट काम करा म्हणणं म्हणजे ही संधी फक्त पुण्यात घर असलेल्यांना देणं. पैसे कुठून आणायचे? स्पॉन्सरबरोबर बजेट ठरतं तेव्हाच त्यात प्रशिक्षणाची रक्कम मागा. पदवी झालेल्यांसाठी केंद्राची शिकाऊ प्रशिक्षण योजना आहेच, तिच्यात किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा सरकार देतं.

हॉस्पिटलवाले म्हणतात, आम्ही शिकवायचं आणि मुलं वर्षभरात मोठ्या सीआरओमध्ये, म्हणजे औषध कंपन्यांसाठी ट्रायल्स चालवणाऱ्या संस्थांमध्ये, पळणार. पळतील. आजही पळतातच, आणि नवा माणूस येईपर्यंत फाइली तशाच पडून राहतात. दर सहा महिन्यांनी तयार दोन मुलं हाताशी असली तर निदान पेशंटची व्हिजिट चुकणार नाही.

माझ्या संपर्कात फार्मसी कॉलेजांचे बरेच प्राचार्य आणि विभागप्रमुख आहेत, काही डॉक्टरही आहेत जे स्वतः ट्रायल्स करतात. त्यांना हात जोडून विनंती आहे. पुढच्या सत्रासाठी दोन मुलांपासून सुरुवात करा. कराराचा कच्चा मसुदा मी लिहून ठेवलाय, मेसेज करा, लगेच पाठवते.