वीस मिनिटांची सावंतवाडी

सकाळपासून डोकं फिरलंय. आता रात्रीचे साडेनऊ वाजले तरी राग उतरत नाही, म्हणून लिहायला बसलेय. लांबलचक होणार आहे, सवडीने वाचा.

शनिवार-रविवार मी म्हापशाहून घरी, सावंतवाडीला येते. आज सकाळी चितारआळीत काकांकडे बसले होते. नात्याने काका नव्हेत, पण मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून ते काकाच. ते गंजिफा करतात, म्हणजे हाताने रंगवलेली खेळायची गोल पानं. साडेअकराच्या सुमाराला गोव्याहून आलेली मोठी एसी बस मोती तलावाच्या कडेला थांबली. पंधरावीस परदेशी पाहुणे आणि पुढे गाईड. गाईडने मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून सगळ्यांना बजावलं, वीस मिनिटं.

त्यातली दहा फोटोत गेली. एकाने काकांना खुणेने सांगितलं, मान वर करा, कुंचला असा धरा, इकडे बघा. काका तेव्हा परशुरामाच्या परशूचं पातं रंगवत होते. कुंचला खारीच्या केसांचा, टोकाला मोजून चार-पाच केस. ती रेघ एका श्वासात ओढावी लागते, मध्येच हात उचलला की जोड दिसतो. काकांनी हात उचलला. मान वर केली. हसले. माझ्या पोटात कालवलं.

मग दोन बायकांनी लाकडी आंबे हातात घेऊन पाहिले, एकीने सीताफळ घेतलं, तेही घासाघीस करून. बस सुटायच्या आधी गाईड परत आत आला आणि म्हणाला, विक्रीवर चाळीस टक्के दिलेत तर आठवड्याला तीन बस आणतो. काकांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पानांचा डबा बंद केला. थोड्या वेळाने मला विचारलं, "गो, ती पोर्तुगीज बाई आसा काय अजून?"

माझ्या जवळच्यांना ही बाई माहीत आहे, बाकीच्यांना सांगते. मी बारावीत होते. दिवाळीनंतरची गोष्ट. साठीची एक बाई पणजीहून गोव्याच्या सरकारी कदंबा बसने एकटी सावंतवाडीत उतरली. लिस्बनहून आलेली. तिला गंजिफा बघायची होती. तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, तरी मधे बोलायला मलाच उभं केलं. बघून जाईल म्हणून आलेली बाई तीन दिवस राहिली, आमच्याच घरी, माजघराशेजारच्या खोलीत.

पहिला दिवस ती नुसती बघत बसली. दुसऱ्या दिवशी काकांनी तिला चिंचोक्याची खळ करायला बसवलं. ज्यांनी तो वास घेतलाय त्यांना कळेल. जुन्या पद्धतीची पानं कापडाच्या थरांवर थर ही खळ लावून चिकटवतात, वर खडूचा लेप, मग घोटाई, मग रंग आणि शेवटी लाखेचा हात. बाईचे हात कोपरापर्यंत चिकट झाले होते आणि ती खूश होती. तिसऱ्या दिवशी काकांनी तिच्या हातात कुंचला दिला. तिने मत्स्य काढला. शेपटी पार वाकडी. तिचा चेहरा पडला, तर काका म्हणाले, "ऱ्हांव दे, वाकड्या शेपटेचो मासो पण पोवतलो." वाकड्या शेपटीचा मासाही पोहेल, हे इंग्रजीत कसं सांगावं मला सुचेना, मी हाताने मासा करून दाखवला.

संध्याकाळी आजीने पानं काढली. आजीला गंजिफा खेळता यायची. आमच्या आळीत तेव्हा खेळ येणारी तीन-चारच माणसं उरली होती. दशावतारी संचात १२० पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा: राजा, प्रधान आणि एक ते दहा. तिघांत वाटली की चाळीस-चाळीस. आजी, बाई आणि मी. दिवसा खेळ रामाच्या पानापासून सुरू होतो आणि रात्री कृष्णाच्या. खेळ मांडता मांडता आईने तुळशीपुढे दिवा लावला, तशी आजी बाईच्या हातावर चापटी मारून म्हणाली, "दिवो लागलो, आता राम नाय, कृष्ण." बाईने ते वाक्य पाठ केलं. निघेपर्यंत तेच म्हणत होती.

निघताना तिने काकांपुढे पैसे ठेवले. काकांनी हात मागे घेतले, तू काही विकत घेतलं नाहीस म्हणाले. तिने मला सांगायला लावलं, हे पानांचे नाहीत, तुमच्या तीन दिवसांचे आहेत. वर संपूर्ण संचाची मागणी दिली, जो तयार व्हायला आठ महिने लागले. पुढच्या वर्षांत तिने आणखी तिघांना पाठवलं. तेही दोन-दोन, तीन-तीन दिवस राहिले आणि दिवसांचे पैसे देऊन गेले. काका आजही म्हणतात, घराची कौलं त्या चौघांनी शाकारली. बसवाल्यांच्या सीताफळांनी नव्हे.

म्हणून मला "पर्यटन वाढलं की कला वाचेल" हे वाक्य ऐकलं की संताप येतो. कुठलं पर्यटन? २०२३च्या जानेवारीत उत्तर गोव्यात मोपाचा विमानतळ सुरू झाला. आपल्या बांद्याच्या इतका जवळ की परदेशातून आलेला माणूस पणजीच्या आधी सावंतवाडीत पोहोचू शकतो. चिपीचा विमानतळ तर २०२१ पासून आपल्याच जिल्ह्यात आहे. पण पत्रादेवीच्या हद्दीपर्यंत तो गोव्याचा पाहुणा, आपल्या बाजूचा इन्सुलीचा नाका ओलांडला की कोणाचाच नाही. त्याचा मुक्काम, जेवण, टॅक्सी, सगळा खर्च पलीकडे. आपल्या वाट्याला वीस मिनिटं आणि एक सीताफळ. त्यातूनही चाळीस टक्के द्या म्हणे!

हो, माहीत आहे, आता कमेंटमध्ये येणारच की बस आली नाही तर उन्हाळ्यात दुकानाचं शटरसुद्धा उघडणार नाही. बरोबर आहे. खेळण्यांच्या दुकानदारांना बस हवीच आहे, त्यांच्या पोटावर पाय द्यावा असं मी म्हणत नाही. पण दुकान वेगळं आणि कला वेगळी. बसच्या वेगाने विकायचं ठरलं की उद्या काका छापील पानं ठेवतील. लाखकामाचं काय झालं ते बघा. लहानपणी मी बघायची, लाकूड कातयंत्रावर फिरायचं, लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने रंग लाकडात उतरायचा, मग केवड्याच्या पानाने घासून चकाकी. आता बरीच फळं डब्यातला रंग मारून सुकत टाकलेली असतात. बस थांबायला तयार नाही, मग कारागिराने तरी का थांबावं?

आणि गंजिफा वाचली कशी, हे आपण सावंतवाडीकरच विसरलो. १९७०च्या आसपास ही कला संपायला आली होती. तेव्हा सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी जुने कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून शिकायला बसले. स्वतः. हातात कुंचला घेऊन. सत्त्वशीलादेवी २०१८ साली गेल्या, पण राजवाड्यातल्या दरबार हॉलमध्ये मांडी घालून पानं रंगवणारी माणसं दिसतात ती त्या बसण्यामुळे. कुडाळजवळ पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी गाईच्या गोठ्यात ठाकर आदिवासींच्या कलेचं संग्रहालय उभं केलं, चित्रकथीची (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) जुनी पानं आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या. २०२१ला पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी त्यांचे फोटो टाकले. तिथे जाऊन एक अख्खा खेळ बसून बघितलेले आपल्यात किती? मी स्वतः दोनदाच गेलेय. हे लिहिताना वाईट वाटतंय.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला. त्या गाईडवर तरी किती रागवायचं, त्यालाही दिवसाला चार थांबे गाठायचे असतात, वय असेल पंचविशीचं. आपल्या गावची अशी किती पोरं पलीकडे हॉटेलात कामाला आहेत. काकांचा मुलगा कळंगुटला आहे. हात चांगला आहे त्याचा, नृसिंहाचे डोळे बापापेक्षा छान काढतो. त्याला मी कोणत्या तोंडाने सांगू की परत ये? महिन्याचा पगार सोडून तो आठ महिन्यांत एक संच करणार का? परदेशी पाहुण्यांना तो रोज कॉफी नेऊन देतो, आणि त्यातलं कोणीतरी तीन दिवस त्याच्यासमोर मांडी घालून बसायला तयार असेल, हे त्याला आजवर वाटलंसुद्धा नव्हतं.

बाईची पत्रं दर नाताळात यायची, गेली तीन वर्षं आलेली नाहीत. काकांना मी "बघते" एवढंच म्हटलं. मग त्यांनी बंद केलेला डबा परत उघडला, तळातून ते मत्स्याचं पान काढलं आणि माझ्या हातात दिलं. शेपटी तशीच वाकडी, काठाची लाख जरा उडालेली. इतकी वर्षं ते त्यांनी विकाऊ पानांच्या खाली ठेवलं होतं.

आज दुपारी काकांशी बोलून ठरवलंय. महिन्यातल्या दुसऱ्या शनिवार-रविवारी दोन माणसं, जास्त नाहीत. गोव्यात कोणाकडे परदेशी पाहुणे उतरत असतील, किंवा लिस्बन, लंडन, दुबईहून कोणी आपलंच माणूस येणार असेल, तर मला कळवा. दिवसाचे पैसे थेट काकांच्या हातात, विक्रीत कोणाचाही हिस्सा नाही, फोटो विचारून. राहायला आमची माजघराशेजारची खोली आहे, जेवण आई करेल. पहिल्या दिवशी फक्त बघायचं. दुसऱ्या दिवशी चिंचोके, जुने कपडे घालून यायचं. संध्याकाळी खेळ मी शिकवीन, आजीकडून शिकलेय तेवढा.

काकांच्या मुलाने त्या शनिवारी सुट्टी टाकलीय. त्याला मिळाली तर तोही बसेल.