काकांची ट्रायल आणि आत्याचा फॉरवर्ड

गेल्या महिन्यात काकांना ओपीडीत विचारलं, डायबेटिसच्या नव्या गोळीची ट्रायल आहे, भाग घ्याल का? काकूंनी ती बातमी ग्रुपवर टाकली आणि रात्री आत्याचा फॉरवर्ड हजर: 'सावधान! अर्ध्या लोकांची औषधं बंद करून खोटी गोळी देतात. माणसं मेली तरी ट्रायल थांबत नाही. सही केली की सुटका नाही. काही झालं तर कंपनी हात वर करते. डॉक्टरला मात्र पाकीट!' असले फॉरवर्ड मी वाचून सोडून देतो. पण या वेळी काकांबरोबर संमतीपत्र वाचायला मीच बसलो होतो.

खोट्या गोळीपासून सुरुवात करू, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. एम्पाग्लिफ्लोझिन हे डायबेटिसचं औषध आज गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळतं. त्याची मोठी चाचणी 42 देशांत, हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या 7,020 मधुमेहींवर झाली. दोघांना खरी तर एकाला खोटी गोळी, असं प्रमाण. म्हणजे 'अर्ध्या' इथे तरी चूक. आणि खोटी गोळी घेणाऱ्यांचीही साखरेची, बीपीची आधीची औषधं चालूच होती, गरज पडली तर डॉक्टर ती वाढवतही होते. म्हणजे 'बंद करून' हेही चूक. 2015 साली निकाल आला: हृदयाच्या किंवा रक्तवाहिन्यांच्या आजाराने झालेले मृत्यू खऱ्या गोळीच्या गटात 3.7 टक्के, खोट्या गोळीच्या गटात 5.9 टक्के. तोटा खोट्या गोळीवाल्यांचाच झाला, हे खरं. पण ते आधी माहीत असतं तर चाचणी करायचं कारणच नव्हतं.

एक कबूल करतो. काही कमी मुदतीच्या चाचण्यांत, विशेषतः नुकतंच निदान झालेल्यांना, काही आठवडे नुसत्या खोट्या गोळीवर ठेवतात. साखर ठरलेल्या आकड्यापुढे गेली की दुसरं औषध सुरू करतात. तो आकडा कागदावर लिहिलेला असतो. काकांच्या संमतीपत्रात तो सातव्या पानावर सापडला, काकांनी बॉलपेनने त्याभोवती गोल केला आणि को-ऑर्डिनेटर मुलीला विचारलं, "हे रात्री दोन वाजता झालं तर फोन कोणाला करायचा?" तिने नंबर लिहून दिला. फॉरवर्ड पाठवण्यापेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा.

'माणसं मेली तरी थांबत नाही.' अमेरिका आणि कॅनडातली अकॉर्ड चाचणी बघा. 10,251 मधुमेही. एका गटाची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 6 टक्क्यांच्या खाली आणायची, दुसऱ्याची 7 ते 7.9 दरम्यान ठेवायची. साखर जितकी कमी तितकं बरं, असं सगळ्यांनाच वाटत होतं. निघालं उलटंच: कडक गटात 257 मृत्यू, दुसऱ्यात 203. आकड्यांवर नजर ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीने हे दाखवलं आणि फेब्रुवारी 2008 मध्ये, ठरल्याच्या जवळजवळ दीड वर्ष आधी, तो कडक उपचार थांबवला. म्हातारपणी साखर फार खाली ओढू नका, असं आज डॉक्टर सांगतात, त्यामागे ही चाचणीही आहे.

'सुटका नाही' यावर फार बोलायला नको. कधीही, कारण न देता बाहेर पडता येतं आणि तुमचे नेहमीचे उपचार त्यामुळे अडत नाहीत. संमतीपत्रात हे लिहिणं बंधनकारक आहे.

नुकसानभरपाईचं मात्र नीट समजून घ्यावं. आपल्याकडे 2019 चे नियम लागू आहेत. गंभीर त्रास झाला तर चाचणी करणाऱ्या डॉक्टरांनी 24 तासांत कळवायचं, उपचार फुकट, आणि मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व चाचणीमुळेच आलं असं ठरलं तर भरपाई. 'चाचणीमुळेच' या शब्दावर सगळी ओढाताण होते, हे मान्य. आत्याची भीतीही हवेतून आलेली नाही. 2009-10 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धच्या एचपीव्ही लशीच्या प्रकल्पात मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. त्यावर संसदीय समितीने ताशेरे ओढले.

पाकिटाचं म्हणाल तर डॉक्टरांना पैसे मिळतात. चोरून नव्हे, करार करून. तरीही मी काकांना म्हटलं, हेच कागद आपल्या फॅमिली डॉक्टरांनाही दाखवू, त्यांचा यात काही संबंध नाही. आणि ट्रायल खरी आहे का, हे सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत कुणालाही बघता येतं. 2009 पासून तिथली नोंद सक्तीची आहे.

फॉरवर्डमध्ये नसलेला प्रश्न काकांनीच शेवटी काढला. "समजा, गोळी मला मानवली. ट्रायल संपल्यावर पुढे कोण देणार?" नियमात फुकट देण्याची सोय आहे, पण मुख्यतः दुसरा पर्यायच नसेल तेव्हा. डायबेटिसला पर्याय ढीगभर. को-ऑर्डिनेटर खरं तेच बोलली, "नाही मिळणार काका. बाजारात आली की विकतच घ्यावी लागेल." काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला, कागदांची घडी केली आणि म्हणाले, दोन दिवसांनी सांगतो.