‘स्वान साँग’ला शेवट ठरवण्याची घाई

सैतान आणि भुतांची शिकार करणाऱ्या सॅम आणि डीन विंचेस्टर या भावांची ‘सुपरनॅचरल’ ही अमेरिकी मालिका 13 सप्टेंबर 2005 रोजी सुरू झाली आणि 15 सीझन, 327 भाग होऊन 19 नोव्हेंबर 2020 रोजी संपली. तिचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो, आणि तो आता इतका फिरला आहे की ज्यांनी मालिका पाहिलेली नाही तेही तो ठामपणे सांगतात. दावा असा: मालिका खरी संपली ती पाचव्या सीझनच्या शेवटच्या भागात, म्हणजे ‘स्वान साँग’मध्ये. निर्माते एरिक क्रिपके यांनी पाच सीझनची कथा सुरुवातीलाच आखली होती, ती तिथे पूर्ण झाली, क्रिपके बाजूला झाले, आणि पुढचे सगळे म्हणजे वाहिनीने पैशासाठी आमटीत ओतलेले पाणी. त्याला जोडून नव्या प्रेक्षकाला सल्लाही दिला जातो की या भागाचे शेवटचे दृश्य येण्याआधीच बंद करा आणि मालिका संपली असे समजा.

‘स्वान साँग’ हा मालिकेतल्या सर्वोत्तम भागांपैकी एक आहे, याबद्दल माझा वाद नाही. वाद त्याला ‘शेवट’ म्हणण्याशी आहे, कारण तसे म्हणण्यासाठी त्या भागात जे दिसते त्यातल्या बऱ्याच गोष्टींकडे डोळेझाक करावी लागते. पुढे कथानकातल्या सगळ्या गाठी उघड केल्या आहेत, हे आधीच सांगतो.

13 मे 2010 रोजी प्रसारित झालेल्या या भागाची कथा थोडक्यात अशी. सॅम डेट्रॉइटमध्ये ल्युसिफरला, म्हणजे पतित होऊन सैतान झालेल्या देवदूताला, आपल्या शरीरात शिरू देतो. आतून ताबा मिळवायचा आणि ल्युसिफर पूर्वी जिथे कोंडलेला होता त्या नरकातल्या पिंजऱ्यात त्याच्यासकट उडी घ्यायची, हा त्याचा बेत असतो, पण तो फसतो. लॉरेन्सजवळच्या स्टल दफनभूमीत ल्युसिफर आणि मायकेल हे देवदूत भाऊ समोरासमोर येतात. मायकेलने शरीर घेतलेले असते ते विंचेस्टरांच्या सावत्र भावाचे, अ‍ॅडमचे. ल्युसिफर भावांचा मित्र असलेल्या कॅस्टिएल या देवदूताच्या चिंधड्या उडवतो, त्यांना वडिलांसारख्या असलेल्या बॉबीची मान मोडतो आणि डीनला त्यांच्या इम्पाला गाडीवर रेटून बेदम मारतो. त्या मारहाणीत गाडीच्या अ‍ॅशट्रेत लहानपणी सॅमने अडकवलेला खेळण्यातला शिपाई ल्युसिफरच्या ताब्यातल्या सॅमच्या नजरेस पडतो, आणि तेवढ्या आठवणीच्या बळावर सॅम स्वतःच्या देहाचा ताबा परत मिळवून मायकेलला सोबत ओढत पिंजऱ्यात उडी घेतो.

आता आखणीचा मुद्दा. क्रिपके यांच्या मनात पाच सीझनचा अंदाज होता हे ते स्वतः बोललेले आहेत, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र अंदाज वेगळा आणि आराखडा वेगळा. पहिली तीन वर्षे या मालिकेच्या विश्वात देवदूत नव्हतेच, आणि मालिकेत देवदूत आणण्याला सुरुवातीला खुद्द क्रिपके यांचाच विरोध होता. पिवळ्या डोळ्यांचा सैतान हा मुख्य शत्रू दुसऱ्या सीझनच्या शेवटी, मे 2007 मध्येच मारला गेला. तिसरा सीझन लेखकांच्या संपामुळे 22 ऐवजी 16 भागांवर आटोपावा लागला. कॅस्टिएल प्रथम दिसला तो 18 सप्टेंबर 2008 रोजी, चौथ्या सीझनच्या पहिल्या भागात, आणि तोही मोजक्या भागांपुरता पाहुणा म्हणून आणलेला होता. अ‍ॅडम नावाचा भाऊ असल्याचे प्रेक्षकांना एप्रिल 2009 मध्ये कळले. म्हणजे ज्या दफनभूमीतल्या प्रसंगाला पाच वर्षांच्या आखणीचे फळ म्हटले जाते, त्यातली निम्मी पात्रे मालिकेचे साठ भाग झाले तरी आलेलीच नव्हती.

पिंजऱ्याच्या किल्लीची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. बायबलमधल्या प्रलयाच्या चार घोडेस्वारांच्या अंगठ्या एकत्र आल्या की पिंजरा उघडतो, हा तोडगा भावांना कळतो तो ‘हॅमर ऑफ द गॉड्स’ या भागात, 22 एप्रिल 2010 रोजी, म्हणजे ‘स्वान साँग’च्या बरोबर तीन आठवडे आधी. अंगठ्या गोळा होत होत्या हे खरे, पण त्यांचा उपयोग काय हे तोवर कोणी सांगितले नव्हते. (हाच तो भाग, ज्यात काली आणि गणपती इतर संस्कृतींतल्या देवांबरोबर एका हॉटेलात नरमांसाच्या मेजवानीला जमलेले दाखवले आहेत. मराठी प्रेक्षकाने तो पाहताना कपाळावर हात मारला असेल तर त्यात नवल नाही. पुढे ल्युसिफर गणपतीला ज्या सहजतेने संपवतो, ते पाहून पटकथाकारांनी गणेशोत्सव लांबूनही पाहिलेला नसावा याची खात्री पटते.) चालता चालता रस्ता सापडावा आणि मागे वळून पाहताना तो आधीपासून तिथेच होता असे वाटावे, हे लेखकांचे कसब आहे. त्या कसबाला पूर्वनियोजन म्हटल्याने त्याचे मोल उलट कमी होते. डेट्रॉइटचा धागा याचे चांगले उदाहरण आहे: त्याच सीझनच्या चौथ्या भागात त्या शहराचे नाव पेरलेले आहे, आणि बावीसाव्यात ते उगवते. एका सीझनची बांधणी नेटकी होती, एवढे त्यावरून सिद्ध होते. पाच सीझनचा आराखडा त्यातून सिद्ध होत नाही.

दुसरा मुद्दा शेवटच्या दृश्याचा आहे, आणि दाव्याचा सारा भार त्याच्यावरच आहे. सॅम गेला. सॅमला वचन दिल्याप्रमाणे डीन आपल्या जुन्या मैत्रिणीकडे, लिसाकडे जातो आणि दारातच तिच्या मिठीत कोसळतो. रात्री तो तिच्या घरी जेवणाच्या टेबलाशी बसलेला असताना बाहेर रस्त्यावरचा दिवा फडफडून विझतो आणि त्याखाली उभा असलेला सॅम खिडकीतून आत पाहत असतो. हे दृश्य वाहिनीने मागाहून चिकटवलेले शेपूट आहे, असे सांगितले जाते. पण सहाव्या सीझनची घोषणा फेब्रुवारी 2010 मध्ये झाली होती, प्रक्षेपणाच्या सुमारे तीन महिने आधी. आणि दिवा विझण्याचे दृश्य घटकाभर काढून टाकले तरी जे उरते ते पूर्ण झालेले आहे का, हे तपासून पाहू.

बॉबीचा आत्मा तेव्हा क्राउली या नरकातल्या सौदागराकडे गहाण आहे. मृत्यूचा, म्हणजे चार घोडेस्वारांपैकी एकाचा, ठावठिकाणा कळावा म्हणून त्याने दोनच भाग आधी तो करार केलेला असतो, आणि ‘स्वान साँग’ त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. तो करार सुटतो सहाव्या सीझनमधल्या ‘वीकेंड अ‍ॅट बॉबीज’मध्ये. अ‍ॅडमचे तर विचारूच नका. ज्याने या युद्धात काहीच मागितले नव्हते असा एक पोरगा मायकेलबरोबर खड्ड्यात ओढला जातो आणि त्याच्या नावाने कोणी दोन अश्रूही ढाळत नाही. त्याची सुटका पडद्यावर दिसते ती डिसेंबर 2019 मध्ये, पंधराव्या सीझनच्या आठव्या भागात. मालिकेने त्याला इतकी वर्षे विसरणे हा मोठा दोष आहे, पण ज्यांना ‘स्वान साँग’पाशीच थांबायचे आहे त्यांच्या आवृत्तीत तो पोरगा कायमचा नरकात राहतो, आणि त्यालाच ते परिपूर्ण शेवट म्हणतात.

खुद्द त्या दृश्यातला सॅम नीट पाहिला तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. तो आत जात नाही, दारावर थाप मारत नाही, त्याच्या चेहऱ्यावर आनंद नाही की दुःख नाही. जो माणूस भावासाठी सैतानाला हरवून गेला, तो भावाच्या दाराशी असा कोरडा कसा उभा राहील, हा प्रश्न त्या क्षणी पडायला हवा. सहाव्या सीझनमध्ये उत्तर मिळते: कॅस्टिएलने नरकातून जे वर काढले ते सॅमचे शरीर होते, आत्मा पिंजऱ्यातच राहिला होता, आणि तो परत आणण्यासाठी डिसेंबर 2010 मध्ये प्रत्यक्ष मृत्यूला यावे लागले. ‘स्वान साँग’ लिहिताना हे सारे ठरले होते असा दावा मी करणार नाही, तसे केले तर माझ्यात आणि आराखडेवाल्यांत फरक उरणार नाही. पण ते दृश्य प्रश्न विचारणारे आहे, आणि त्या प्रश्नाला मालिकेने टाळले नाही.

क्रिपके निघून गेल्यावर मालिका त्यांची राहिली नाही, हा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. दैनंदिन सूत्रे त्यांनी सेरा गॅम्बल यांच्याकडे दिली, पुढे ती जेरेमी कार्व्हर आणि नंतर अँड्र्यू डॅब यांच्याकडे गेली, हे बरोबर. पण सूत्रे देऊन झाल्यावर सहाव्या सीझनचा अखेरचा भाग स्वतः क्रिपके यांनीच लिहिला, आणि रॉबर्ट सिंगर हे निर्माते तर पहिल्या सीझनपासून अखेरपर्यंत होतेच. दाव्याला दुसरीही एक अडचण आहे: ‘स्वान साँग’च्या मूळ कथेला एरिक गेविर्ट्झ यांचे नाव आहे आणि दिग्दर्शन स्टीव्ह बॉयम यांचे आहे. जो भाग एका माणसाची खासगी कविता म्हणून मिरवला जातो, त्यावर तीन माणसांची नावे आहेत.

त्यानंतर काही चांगले झालेच नाही, हे विधान मात्र सविस्तर उत्तर मागते, कारण त्यात अर्धे सत्य आहे. 104 भागांनंतर 223 भाग झाले, आणि त्यांत कंटाळवाणे भाग पुष्कळ आहेत. सातव्या सीझनमधले लेव्हिएथन नावाचे शत्रू मला कधीच पटले नाहीत. मेलेली पात्रे परत येण्याची सवय इतकी वाढली की मरणाला वजन उरले नाही. पण याच 223 भागांत बेन एडलंड यांनी लिहून दिग्दर्शित केलेला ‘द मॅन हू वुड बी किंग’ आहे, ज्यात कॅस्टिएल आपल्या घसरणीची कबुली देवाला देतो. बॉबी मरणाच्या दाराशी असताना आपल्याच आठवणींतून पळत सुटतो तो ‘डेथ्स डोअर’ (2 डिसेंबर 2011) आहे. आणि 28 ऑक्टोबर 2015 चा ‘बेबी’ आहे.

‘बेबी’वर थोडे थांबतो, कारण तो ‘स्वान साँग’शी थेट बोलतो. ‘स्वान साँग’ची सुरुवात राक्षसांनी होत नाही, गाडीने होते. 21 एप्रिल 1967 रोजी जेन्सव्हिलच्या कारखान्यातून जनरल मोटर्सची दहा कोटीवी गाडी बाहेर पडली, तिच्यासाठी भाषणे झाली, आणि तीन दिवसांनी त्याच कारखान्यातून निघालेल्या एका इम्पालाकडे कोणी पाहिलेही नाही, असे निवेदक सांगतो. तिचा पहिला मालक गोरगरिबांना बायबल वाटत हिंडणारा एक दारुडा होता. या गाडीत पोरांनी खेळणी कोंबली, आद्याक्षरे कोरली, आणि जगाचा नाश अडला तो तिच्या अ‍ॅशट्रेतल्या शिपायापाशी. साडेपाच वर्षांनी ‘बेबी’मध्ये लेखक रॉबी थॉम्पसन आणि दिग्दर्शक थॉमस राइट कॅमेरा गाडीबाहेर काढतच नाहीत. भावांचे खाणे, झोपणे, भांडणे, मार खाणे, सगळे गाडीच्या आतून दिसते. जुन्या भागाने गाडीला वस्तूतून पात्र केले, नव्याने त्या पात्राच्या नजरेतून गोष्ट सांगितली. ज्याने पाचव्या सीझनला टीव्ही बंद केला, त्याच्याकडे या जोडीतला एकच भाग आहे.

राहता राहिला चक. ‘स्वान साँग’चा निवेदक असलेला हा लेखक शेवटी कथा संपवतो आणि खुर्चीतून दिसेनासा होतो. अकराव्या सीझनमध्ये, मे 2016 मध्ये, तोच देव असल्याचे स्पष्ट झाले, आणि एप्रिल 2019 मध्ये तो खलनायक झाला. यामुळे जुना भाग मागे जाऊन बिघडला, अशी तक्रार आहे. मला उलट वाटते. त्या निवेदनात चक म्हणतो की सुरुवात कोणीही लिहू शकतो, शेवट लिहिणे अशक्य आहे, कितीही धागे बांधले तरी काही सुटतातच आणि चाहते कुरकुरणारच. तेव्हा ते लेखकाचे मिश्कील रडगाणे वाटले होते. ज्या देवाला स्वतःच्या गोष्टीतली पात्रे मनाप्रमाणे मरत नाहीत म्हणून राग येतो, त्याच्या तोंडी तीच वाक्ये घालून पाहिली तर दोन भाऊ एकमेकांना मारणार हा कट कोणाचा होता, हा दफनभूमीतला प्रश्न वेगळाच टोकदार होतो. गायब होण्याआधी चक आणखी एक गोष्ट बोलतो, की खऱ्या अर्थाने काहीच कधी संपत नाही. ज्या भागाला शेवट म्हणून मिरवले जाते त्याचा निवेदकच हे म्हणतो आहे.

शेवटचा भाग ‘कॅरी ऑन’ अनेकांना आवडला नाही, आणि महामारीमुळे मार्च 2020 मध्ये थांबून ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू झालेल्या चित्रीकरणाच्या खुणा त्यावर दिसतात. कोठारातल्या खांबाच्या लोखंडी गजावर डीनचे मरण आणणे मलाही घाईचे वाटते. तरी एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगावीच लागेल. ‘स्वान साँग’मध्ये भाऊ गमावून, दिलेल्या वचनापायी जगत राहण्याची शिक्षा डीनच्या वाट्याला येते आणि ती त्याला वर्षभरच पेलावी लागते. ‘कॅरी ऑन’मध्ये ती सॅमच्या वाट्याला येते, आणि तो ती म्हातारा होईपर्यंत पेलतो, मुलाचे नाव डीन ठेवतो, आणि मधेच कधीतरी घरातल्या गॅरेजमध्ये जाऊन त्या जुन्या इम्पालात एकटाच बसतो.