आरसा लावला की सोलर पॅनेलची वीज दुप्पट होते का?

‘पॅनेलशेजारी साधा आरसा उभा करा, वीज दुप्पट,’ असा मेसेज फिरतोय. कृपया तसं करू नका. प्रकाश वाढतो हे खरं, पण आरसा सगळाच प्रकाश पाठवतो. पॅनेलमधलं सिलिकॉन साधारण 1100 नॅनोमीटरपर्यंतच्याच तरंगलांबीतून वीज बनवतं. त्यापुढचे, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण पॅनेलला नुसतं तापवतात. आणि तापमान एका अंशाने वाढलं की उत्पादन साधारण 0.3 ते 0.4 टक्के घटतं. शिवाय झोत अर्ध्याच पॅनेलवर पडला, तर एकापुढे एक जोडलेल्या सेलपैकी कमी उजेडातले सेल बाकीच्यांचा प्रवाह अडवतात.

निवडक परावर्तकाचं, म्हणजे ठरावीक प्रकाशच परतवणाऱ्या खास आरशाचं, काम वेगळं. त्याच्या काचेवरचे पातळ थर उपयोगी प्रकाश पॅनेलकडे वळवतात, नकोसा अवरक्त बराचसा आरपार जाऊ देतात. तरीही आधी उत्पादकाच्या सूचना वाचा. आरशाने प्रकाश एकवटायला अनेकांची स्पष्ट मनाई असते.