‘तिशी ओलांडली, आता डॉक्टरकी विसरा’ या संदेशाला उत्तर

गेले काही आठवडे कोल्हापुरातील पालकांच्या आणि परिचारिकांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक संदेश फिरतो आहे. त्यात पाच विधाने आहेत. पंचविशीनंतर ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देता येत नाही. बारावी जुनी झाली की तिची किंमत संपते. तिशीनंतर अभ्यास डोक्यात राहत नाही. डॉक्टर होईपर्यंत चाळिशी येते, मग उपयोग काय? आणि शेवटी, अशी माणसे एखाद्या होतकरू मुलाची जागा खातात. मी राजारामपुरीत बरीच वर्षे अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. संध्याकाळी माझ्याकडे येणाऱ्या 33 वर्षांच्या एका परिचारिकेने हा संदेश मला दाखवला आणि विचारले, “सर, मग मी फॉर्म भरू का नको?” खोट्या नियमामुळे त्यांच्यासारख्या एकाही व्यक्तीचा निर्णय बदलू नये, म्हणून हे लिहीत आहे.

पहिले विधान एके काळी खरे होते, म्हणूनच ते इतक्या सहज पटते. 2018 च्या नीटसाठी खुल्या प्रवर्गाला 25 आणि राखीव प्रवर्गाला 30 वर्षांची कमाल मर्यादा घातली होती आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी मे महिन्यात उचलूनही धरली होती. मात्र नोव्हेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्यादेपलीकडच्या उमेदवारांना तात्पुरत्या स्वरूपात बसण्याची मुभा दिली, पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 21 ऑक्टोबर 2021 च्या बैठकीत कमाल मर्यादा न ठेवण्याचे ठरवले आणि मार्च 2022 मध्ये तसे परीक्षा घेणाऱ्या संस्थेला कळवले. आज फक्त किमान वयाची अट आहे, ती 17 वर्षांची. किती वेळा परीक्षा द्यावी यावरही बंधन नाही. 2020 ची नीट उत्तीर्ण होऊन ओडिशातील एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने 64 व्या वर्षी बुर्ला येथील शासकीय संस्थेत एमबीबीएसला प्रवेश घेतला, ही बातमी त्या वेळी देशभर छापून आली होती.

बारावीचे विधान तर कधीच खरे नव्हते. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला 50 टक्के आणि मागास प्रवर्गांना 40 टक्के गुण लागतात. ते कोणत्या वर्षी मिळवले यावरून कोणी बाद होत नाही. मधल्या वर्षांत काय केले याचे प्रतिज्ञापत्र प्रवेशाच्या वेळी द्यावे लागते, इतकेच. ज्यांनी बारावीला गणित घेऊन जीवशास्त्र सोडले होते, त्यांनाही नोव्हेंबर 2023 च्या आयोगाच्या सूचनेनंतर हा विषय अतिरिक्त म्हणून नंतर उत्तीर्ण होऊन नीटला बसता येते. शासकीय महाविद्यालयांतील राज्याच्या वाट्याच्या 85 टक्के जागांसाठी मात्र अधिवास प्रमाणपत्र, तसेच दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून, या अटी सर्वसाधारणपणे लागतात. निपाणी-बेळगाव भागातून आपल्याकडे नोकरीला आलेल्यांनी हे आधी तपासावे. सीमाभागातील वादग्रस्त गावांतल्या मराठी उमेदवारांसाठी काही जागा वेगळ्या राखलेल्या आहेत आणि त्याची माहिती अनेकांना नसते.

तिसऱ्या विधानावर मला जास्त बोलायचे आहे, कारण ते माझ्या वर्गात रोज तपासले जाते. मागच्या महिन्यात आम्ही उत्सर्जन संस्था घेतली. नेफ्रॉनची, म्हणजे मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळणीची, आकृती फळ्यावर काढून, शरीरात पाणी किंवा रक्तदाब कमी झाला की मूत्रपिंड पाणी कसे धरून ठेवते, हे मी सांगत होतो. त्या परिचारिका लिहिता लिहिता थांबल्या. ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या युरिन बॅगवरचा आकडा त्या अकरा वर्षे दर तासाला तक्त्यात भरत आल्या आहेत. तासाला 30 मिलिलीटरच्या खाली गेला की डॉक्टरांना फोन करायचा, एवढेच त्यांना माहीत होते. “म्हणजे सर, मी फोन करायचे तेव्हा आत हे चाललेलं असायचं,” त्या म्हणाल्या. हा धडा आता त्या विसरणे शक्य नाही. अठरा वर्षांची मुले हाच धडा पाठ करतात आणि पंधरा दिवसांनी पुन्हा विचारतात, त्यात त्यांचाही दोष नाही, कारण त्यांना तो टांगायला खुंटी नसते.

भौतिकशास्त्रात चित्र उलटे आहे, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. 180 प्रश्नांपैकी 45 प्रश्न त्या विषयाचे असतात आणि परीक्षेत एका प्रश्नाला सरासरी एक मिनिट मिळते. प्रक्षेप्य गतीचे, म्हणजे फेकलेल्या वस्तूच्या गतीचे, एक गणित सोडवायला आमच्या परिचारिकाताईंना सुरुवातीला सहा मिनिटे लागत होती. साइन आणि कोसाइन कुठे घ्यायचे हेच त्या विसरल्या होत्या. पंधरा वर्षे हात न लावलेला विषय कोणीही विसरेल, याला मेंदू थकणे म्हणत नाहीत. दुपारच्या पाळीला जाण्याआधी रोज दहा गणिते, हा त्यांचा नेम आहे, आणि आता त्यांचा वेळ अडीच मिनिटांवर आला आहे. अजून बरीच मजल मारायची आहे.

चाळिशीचा हिशेब मात्र बरोबर आहे. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची आंतरवासिता (इंटर्नशिप) धरली, तर चौतिसाव्या वर्षी आत गेलेली व्यक्ती चाळिशीच्या उंबरठ्यावर बाहेर पडते आणि शासकीय महाविद्यालयात शिकली असेल तर त्यापुढे एक वर्षाची बंधपत्रित (बाँडची) सेवा असते. राज्य शासनाच्या सेवेत थेट भरतीची कमाल वयोमर्यादा सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गाला 38 आणि मागास प्रवर्गाला 43 आहे, तेव्हा कायम सरकारी नोकरीचे दार काहींसाठी बंद होईल, हेही मान्य केले पाहिजे. पण ‘मग उपयोग काय’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. भारतातील सुरुवातीच्या महिला डॉक्टरांपैकी एक असलेल्या रखमाबाई राऊत, लहानपणी लावून दिलेल्या लग्नाविरुद्धच्या न्यायालयातील दीर्घ लढ्यानंतर, 1889 मध्ये लंडनच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाल्या, 1894 मध्ये तिशीच्या घरात पदवीधर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी सुमारे 35 वर्षे रुग्णसेवा केली. चाळिशीत दवाखाना उघडणाऱ्याकडेही पंचवीस वर्षे असतात.

संदेशात पैशाचा शब्दही नाही, आणि खरा अडसर तोच आहे. एमबीबीएसला तासिकांना 75 आणि प्रात्यक्षिकांना 80 टक्के हजेरी लागते, त्यामुळे नोकरी सांभाळून हे शिक्षण होत नाही. विद्यावेतन मिळते ते आंतरवासितेत. म्हणजे साडेचार वर्षे घरात एक पगार कमी. कोल्हापुरातील सीपीआर रुग्णालयाला जोडलेल्या आपल्या शासकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी जागा मिळाली तर शुल्क झेपते, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेच्या अटी तपासता येतात. खासगी आणि अभिमत विद्यापीठांचे आकडे नोकरदार कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे आहेत. घरच्यांसोबत बसून कागदावर मांडायचा हिशेब हा आहे.

राहिले जागा खाण्याचे. नीटची गुणवत्ता यादी गुणांवर लागते आणि जास्त गुण मिळवणाऱ्या मुलाची जागा कोणी तिशीतला उमेदवार घेऊ शकत नाही. ‘लग्न करून घरी बसतील, जागा वाया जाईल’ असे माझ्या विद्यार्थिदशेत वैद्यकीयला जाणाऱ्या मुलींबद्दल बोलले जाई; तेव्हाही कमी वर्षे सेवा होईल हेच कारण पुढे केले जात होते आणि ते तेव्हाही अन्यायाचे होते. माझ्या संध्याकाळच्या वर्गात ज्यांची जागा जाणार असे म्हणतात ती अठरा वर्षांची मुले परिचारिकाताईंच्याच बाकावर बसतात. गेल्या रविवारी त्यांनी या मुलांना पट्टा दंडावर कुठे बांधायचा आणि स्टेथोस्कोप कुठे ठेवायचा ते दाखवून रक्तदाब मोजायला शिकवले, आणि नंतर त्यातल्याच एका मुलाने फळ्यावर जाऊन त्यांना प्रक्षेप्य गतीचे गणित दीड मिनिटात कसे सोडवायचे ते समजावून सांगितले.