आई समोर असताना दहा, नसताना पाच

२०२५ च्या जूनमध्ये पहिलीपासून हिंदी या विषयावर आमच्या फॅमिली ग्रुपवर जी जुंपली होती ती मी इथे आइंडहोव्हनला रात्री जागून वाचायचे. काका बोलले, आत्या बोलली, ज्यांची मुलं इंजिनिअर होऊन बंगलोरला गेली तेही बोलले. २९ जूनला सरकारने जीआर मागे घेतले तेव्हा पेढेपण मोठ्यांनीच वाटले. दादाचा मुलगा तेव्हा तिसरीत होता नाशिकला, म्हणजे ज्याच्या दप्तरात ते पुस्तक जाणार होतं तो, आणि त्याला एकानेही विचारलं नाही की बाबा तुला काय वाटतं. मीपण नाही, खोटं कशाला बोलू.

इथे नेदरलँड्समध्ये २०१५ पासून कायदाच आहे, शाळेने दरवर्षी मुलांनाच विचारायचं की तुला इथे सुरक्षित वाटतं का, कोणी त्रास देतं का, शाळेत यावंसं वाटतं का. माझी लेक दहा वर्षांची आहे, ती वर्गात बसून कॉम्प्युटरवर ते भरते आणि तिने काय लिहिलं ते आम्हाला दाखवत नाहीत. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला रागच आला, अहो मी आई आहे! तिच्या युफला (इथे बाईंना युफ म्हणतात) विचारलं तर ती शांतपणे म्हणाली, तुम्ही वाचणार हे कळलं तर ती तुमच्यासाठी लिहील. यावर मला काही बोलताच आलं नाही.

युनिसेफने २००७ मध्ये २१ श्रीमंत देशांतल्या मुलांची तुलना केली होती, त्यात नेदरलँड्स पहिला आणि ब्रिटन शेवटचा. त्यात नुसता पैसा आणि आरोग्य नव्हतं, मुलं स्वतःच्या आयुष्याबद्दल काय म्हणतात तेही धरलं होतं. नंतर २०१३, २०२०, २०२५ लाही हाच देश वर. इथले लोक त्याचं फार कौतुकही करत नाहीत, पण आम्ही देशी लोक कुजबुजतो, कारण २०२२ च्या पिसा या आंतरराष्ट्रीय परीक्षेत इथल्या १५ वर्षांच्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांना नीट वाचून समजत नाही असं निघालं, आणि दहापैकी सहा मार्क मिळाले की झालं अशी इथली पद्धत. मीपण शनिवारी लेकीला गणिताला बसवतेच. खूश असणं आणि वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक मोजली म्हणून दुसरी मोजली असं होत नाही. पण आपल्याकडे उलटं आहे ना, पाचवीच्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येत नाही हे असरचे (मुलांना वाचता येतं का ते तपासणाऱ्या सर्व्हेचे) आकडे ग्रुपवर लगेच येतात, दुसरं काही येतच नाही.

आणि भारतात विचारत नाहीत असंही नाही हं. एनसीईआरटीने २०२२ च्या सुरुवातीला सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ मुलांना विचारलं, नाव लिहायची सक्ती नव्हती. ७३ टक्के मुलं शाळेतल्या आयुष्याबद्दल समाधानी निघाली आणि ८१ टक्के मुलांनी टेन्शनचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा, निकाल हेच सांगितलं. दोन्ही आकडे एकाच सर्व्हेतले! कोणत्या प्रश्नावर बोट ठेवायचं हे ज्याच्या त्याच्या सोयीचं. त्याच्याही आधी, २०१६ मध्ये, चंद्रपूरच्या सातवीतल्या दोन मुलांनी चक्क पत्रकार परिषद घेतली होती, दप्तर पाच ते सात किलोचं आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर नको असा राज्याचा जीआर त्याच्या आदल्याच वर्षी निघालेला. म्हणजे मुलांना जे सांगायचं होतं ते सरकारला माहीतच होतं. आमच्या ग्रुपवर मात्र "किती धीट पोरं" एवढंच, दप्तरावर कोणी एक ओळ लिहिली नाही.

युरोपात ११, १३ आणि १५ वर्षांच्या मुलांचा एक मोठा सर्व्हे होतो, त्यात शिडीचं चित्र असतं, शून्य ते दहा, तू सध्या कुठल्या पायरीवर आहेस ते सांग. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी सहज भाच्याला विचारलं. वहिनी शेजारीच मेथी निवडत बसली होती. त्याने आधी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, दहा. वहिनी हसली. मग कुकरची शिट्टी झाली, ती आत गेली, आणि हा मोबाईल एकदम तोंडाजवळ घेऊन हळूच म्हणाला, आत्या, पाच. क्लास बंद झाला तर सात.

वहिनीला सांगू का नको ते अजून ठरलेलं नाहीये. सांगितलं तर पुढच्या वेळी तो मलाही दहाच सांगेल.